लेसर, आरसा आणि यादृच्छिक अंक: एका प्रकल्पाविषयी सविस्तर उत्तर

अमळनेरच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनींना प्रकल्प म्हणून क्वांटम भौतिकीवर चालणारा यादृच्छिक, म्हणजे आधी अंदाज न येणाऱ्या, अंकांचा जनरेटर तयार करायचा आहे. लेसर पॉइंटर, अर्धपारदर्शक आरसा आणि दोन फोटोडायोड (प्रकाश पडला की विद्युत प्रवाह देणारे घटक) एवढ्या सामानावर तो होईल का? संगणकात रँडम फंक्शन असताना हा खटाटोप कशासाठी? आणि निघालेले अंक खरोखरच यादृच्छिक आहेत हे परीक्षकांना सिद्ध करून कसे दाखवायचे? मी जळगावात प्रकाश मोजणारी उपकरणे तयार करण्याच्या व्यवसायात बरीच वर्षे आहे आणि फोटोडायोडचा नॉइज, म्हणजे प्रवाहातला नको असलेला चढउतार, हा माझ्या रोजच्या डोकेदुखीचा विषय आहे, म्हणून उत्तर जरा लांबवून देतो.

सर, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे होईल, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. हाती आलेली अंकांची माळ कितीही तपासली तरी ती यादृच्छिक आहे असे सिद्ध करता येत नाही. पायच्या दशांश चिन्हानंतरचे पहिले दहा लाख अंक घेतले, तर प्रत्येक अंक जवळपास एक दशांश वेळा येतो, जोड्या आणि त्रिकुटेही अपेक्षेइतकीच येतात आणि नेहमीच्या सांख्यिकी चाचण्यांत त्यात काही खोट सापडत नाही. तरीही त्यातला पुढचा अंक कोणता हे ज्याला हवे तो गणित करून सांगू शकतो. यादृच्छिकता ही अंकांच्या अंगी नसते, ते ज्या प्रक्रियेतून निघाले तिच्या अंगी असते. त्यामुळे परीक्षकांसमोर ठेवायची गोष्ट अंकांची यादी नव्हे. आपले यंत्र अंक कशावरून काढते आणि त्या अंकांत क्वांटम घटनेचा वाटा किती, हे मोजून दाखवणे हाच या प्रकल्पाचा खरा विषय आहे.

संगणकातल्या रँडम फंक्शनचे पोट उघडून पाहायचे असेल तर विद्यार्थिनींना एक लहानसे सूत्र फळ्यावर करून पाहू द्यावे. आधीच्या संख्येला ५ ने गुणायचे, ३ मिळवायचे आणि १६ ने भागून उरलेली बाकी ठेवायची. ७ पासून सुरुवात केली तर ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ अशी माळ निघते आणि मग पुन्हा ७ येऊन चक्र सुरू होते. ० ते १५ मधली प्रत्येक संख्या बरोबर एकदा आली, म्हणजे वाटपाच्या दृष्टीने माळ निर्दोष आहे. पण नुसते सम-विषम पाहिले तर विषम, सम, विषम, सम हा ठेका शेवटपर्यंत सुटत नाही. या सूत्रावर कोणी नाणेफेक बेतली तर छापा आणि काटा आळीपाळीने पडत राहतील. हा केवळ खेळण्यातल्या सूत्राचा दोष आहे असे समजू नये. १९६० च्या दशकात आयबीएमच्या संगणकांवर रँडू नावाचे याच जातीचे सूत्र सर्रास वापरले जात असे आणि त्याचे तीन-तीन सलग अंक घेऊन अवकाशात बिंदू मांडले तर ते सगळेच्या सगळे अवघ्या १५ समांतर प्रतलांवर पडतात, हे नंतर लक्षात आले. तोपर्यंत त्याच्या भरवशावर किती आकडेमोड झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी.

आजची सूत्रे अर्थातच पुष्कळ सुधारलेली आहेत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पायथॉनमध्ये आजही वापरल्या जाणाऱ्या मर्सेन ट्विस्टरचे चक्र २ च्या १९९३७ व्या घाताहून फक्त एकने कमी इतके लांब आहे. मात्र लांब चक्र म्हणजे अंदाज न येणे नव्हे: त्याचे ३२ बिटांचे ६२४ सलग अंक हाती लागले की आतली संपूर्ण स्थिती उलगडते आणि पुढचे सर्व अंक आधीच सांगता येतात. गुप्तलेखनासाठी याहून कितीतरी कणखर सूत्रे आहेत, पण त्यांचाही सारा भरवसा सुरुवातीला दिलेल्या बीजावर, म्हणजे ज्या संख्येपासून सूत्र सुरू होते तिच्यावर, असतो. २००६ ते २००८ या काळात डेबियन लिनक्स या संगणक प्रणालीतल्या ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या संचातून कोणीतरी निरुपयोगी समजून काही ओळी काढल्या, त्यामुळे बीजात बदलणारी गोष्ट केवळ चालू प्रक्रियेचा क्रमांक एवढीच उरली आणि शक्य बीजांची संख्या जेमतेम ३२ हजारांच्या घरात आली. त्या काळात त्या यंत्रांवर तयार झालेल्या गुप्तलेखनाच्या किल्ल्या कोणालाही एकेक करून तपासता येण्याजोग्या होत्या. सूत्र उत्तम होते, बीज दरिद्री होते.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की बहुतेक कामांना क्वांटमची गरज नाही. माँटे कार्लो पद्धतीच्या, म्हणजे यादृच्छिक नमुने घेऊन उत्तर काढण्याच्या, आकडेमोडीत तर सूत्राचे अंकच सोयीचे, कारण तेच बीज देऊन तोच हिशेब पुन्हा करता येतो आणि चूक शोधता येते. क्वांटमचा उपयोग आहे तो बीजासाठी, म्हणजे जिथे पुढचा अंक कोणालाही, अगदी यंत्र बनवणाऱ्यालाही, आधी कळता कामा नये अशा ठिकाणी. तिथेही साधा विद्युत नॉइज बऱ्याचदा पुरतो. २०१२ पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असा नॉइज वापरणारे मंडल आतच बसवलेले असते आणि आपल्या मोबाइलमधल्या व्यवहारांच्या किल्ल्या अशाच स्रोतांतून येतात.

मग क्वांटमने नेमके काय जास्त मिळते? नाणे उडवले तर ते न्यूटनच्या नियमांनी फिरते. वेग, उंची आणि फिरकी अचूक माहीत असेल तर निकाल आधी सांगता येतो. विद्युत नॉइज हाही असंख्य इलेक्ट्रॉनांच्या गर्दीचा परिणाम आहे आणि त्याचा अंदाज येत नाही तो मुख्यतः आपल्याला त्या गर्दीचा तपशील माहीत नसल्यामुळे. अर्धपारदर्शक आरशावर आलेल्या एकाच फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, गोष्ट वेगळी आहे. मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या नियमानुसार तो पलीकडे जाण्याची शक्यता अर्धी आणि परतण्याची अर्धी एवढेच सिद्धान्त सांगतो, आणि त्यापलीकडे सांगण्यासारखी माहिती त्या फोटॉनबरोबर कुठेतरी लपून प्रवास करत असेल ही कल्पना जॉन बेल यांच्या १९६४ च्या प्रमेयाने आणि पुढच्या प्रयोगांनी फार अडचणीत आणली. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांच्या मांडणीसारखे क्वांटम सिद्धान्ताचे निश्चिततावादी अर्थ आजही आहेत, हे आपण वर्गात सांगतच असाल. पण त्यांतही ती लपलेली माहिती निरीक्षकाच्या हाती लागत नाही, त्यामुळे अंक काढणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही.

आता लेसर पॉइंटर आणि आरसा. पुस्तकातल्या आकृतीत एकेक फोटॉन येतो, आरशावर ठरतो आणि दोनपैकी एका डिटेक्टरवर टक् करून वाजतो. प्रत्यक्षात १ मिलिवॅटचा लाल पॉइंटर सेकंदाला सुमारे ३.३ गुणिले १० चा १५ वा घात इतके फोटॉन ओततो, म्हणजे दोन्ही फोटोडायोडवर निम्मा-निम्मा प्रकाश अखंड पडतो आणि ‘इकडे की तिकडे’ हा प्रश्नच उरत नाही. तो मंद करून सेकंदाला काही लाख फोटॉनांवर आणायचा तर दहा अब्ज भागांतला एकच भाग पुढे जाऊ देणारे फिल्टर एकावर एक लावावे लागतील आणि एकेका फोटॉनला प्रतिसाद देणारे ॲव्हलांच डायोड किंवा फोटोमल्टिप्लायर लागतील. साधा फोटोडायोड एका फोटॉनने हलत नाही. शिवाय अंधाऱ्या पेटीतही असा डिटेक्टर उष्णतेमुळे अधूनमधून वाजत राहतो, एकदा वाजला की काही काळ आंधळा असतो आणि कधीकधी एकाच फोटॉनवर दोनदा वाजतो. दोन डिटेक्टर कधीच सारखे नसतात. महाविद्यालयाच्या खर्चात हे बसणार नाही, आणि बसले तरी विद्यार्थिनींचे वर्ष डिटेक्टरशी झगडण्यात जाईल. त्यामुळे हा मार्ग मी सुचवणार नाही.

त्याऐवजी दोन मार्ग आहेत आणि दोन्ही आपल्या प्रयोगशाळेत होण्याजोगे आहेत.

पहिला किरणोत्साराचा. किरणोत्सार टिपणारी गायगर-म्यूलर नळी आणि सीलबंद छोटा स्रोत आपल्या विभागात बहुधा असेलच. कोणता अणुगर्भ कधी फुटेल हे क्वांटम नियमांनीच अनिश्चित आहे, त्यामुळे नळीच्या लागोपाठच्या टिकटिकींमधले अंतर यादृच्छिक असते. तीन टिकटिकी घ्याव्यात. पहिले अंतर दुसऱ्यापेक्षा लहान असेल तर ०, मोठे असेल तर १, आणि दोन्ही समान आली तर ती जोडी टाकून द्यावी. या पद्धतीची खुबी अशी की स्रोत किती तीव्र आहे हे ठाऊक असण्याची गरज पडत नाही आणि तीव्रता सावकाश बदलली तरी ० आणि १ यांचा तोल ढळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये राहणारे जॉन वॉकर यांनी १९९६ पासून अनेक वर्षे अशाच पद्धतीने काढलेले बिट इंटरनेटवर सर्वांना मोफत पुरवले. सेकंदाला सरासरी ५० टिकटिकी येत असतील तर अंतराची सरासरी २० मिलिसेकंद पडते. आर्डुइनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या मंडलाचे घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने चालते, म्हणून समान अंतरे दहा हजारांत एखाद्या वेळीच येतील. अडचण वेगाची आहे. दोन टिकटिकींमागे एक बिट, म्हणजे सेकंदाला २५ बिट. चाचण्यांना लागणारे दहा लाख बिट जमायला अकरा तासांहून थोडा जास्त वेळ लागेल. रात्रभर यंत्र चालू ठेवावे आणि सकाळी फाइल उचलावी, फक्त वीज गेली तर माळ मध्येच तुटणार नाही एवढी बॅटरीची सोय आधी करून ठेवावी.

दुसरा मार्ग मला अधिक शिकवणारा वाटतो, आणि त्याला लागणारे सामान धुळ्या-जळगावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते: एक एलईडी, एक पिन फोटोडायोड, दोन चांगले कमी नॉइजचे ऑप-ॲम्प (संकेत वाढवणाऱ्या चिप) आणि बॅटऱ्या. प्रकाश कितीही स्थिर ठेवला तरी फोटोडायोडमधून निघणारा प्रवाह एकेका इलेक्ट्रॉनचा बनलेला असतो आणि ते इलेक्ट्रॉन यादृच्छिक क्षणी सुटतात. त्यामुळे प्रवाहात एक बारीक थरथर राहते, तिला शॉट नॉइज म्हणतात. अर्ध्या मिलिॲम्पिअर प्रवाहाला ही थरथर वारंवारतेच्या एक हर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे १२.६ पिकोॲम्पिअर येते, तर १० किलोओहमच्या रोधाचा खोलीच्या तापमानाचा स्वतःचा औष्णिक नॉइज सुमारे १.३ पिकोॲम्पिअर असतो. म्हणजे क्वांटम थरथर दहापट मोठी आहे आणि तिला वेगळे ओळखता येते. शंभर किलोहर्ट्झचा पट्टा ठेवला तर रोधावर साधारण ४० मायक्रोव्होल्ट मिळतील. दोन टप्प्यांत मिळून पाच हजारपट वाढवले की आर्डुइनोला वाचण्याजोगे ०.२ व्होल्ट होतात. सरासरी प्रवाहाचे मोठे व्होल्टेज कपॅसिटरने अडवावे, नाहीतर पहिल्याच टप्प्यात ॲम्प्लिफायर भरून जाईल.

आता यातला गाभ्याचा प्रयोग. एलईडीचा प्रवाह तसाच ठेवून, केवळ अंतर वाढवून किंवा राखाडी फिल्टर लावून, फोटोडायोडवरचा प्रकाश पाच-सहा पायऱ्यांनी बदलावा आणि प्रत्येक पायरीला थरथरीचे प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी), मोजून प्रकाशप्रवाहाच्या विरुद्ध आलेखावर मांडावे. शॉट नॉइजचे प्रचरण प्रकाशाच्या सम प्रमाणात वाढते, म्हणून सरळ रेषा येते. एलईडीच्या वीजपुरवठ्यातला चढउतार किंवा दुसरा कोणताही साधा नॉइज प्रकाशावर स्वार होऊन आला असेल तर त्याचे प्रचरण प्रकाशाच्या वर्गाने वाढते आणि रेषा वरच्या बाजूला वाकते. रेषा शून्य प्रकाशाला उभ्या अक्षाला जिथे छेदते ती उंची म्हणजे मंडलाचा स्वतःचा नॉइज. एकाच आलेखात तीन गोष्टी सुट्या झाल्या: रेषेच्या उतारात क्वांटम, तिच्या वाकण्यात बाहेरची ढवळाढवळ आणि छेदात आपले मंडल. परीक्षकांना दाखवायचा पुरावा तो हाच. प्रकाशाला शास्त्रीय लहर मानूनही शॉट नॉइजचे सूत्र निघते, असा आक्षेप एखादे जाणकार परीक्षक घेतील. त्यांना सांगावे की त्या मांडणीतही इलेक्ट्रॉन सुटण्याचा क्षण क्वांटम नियमानेच ठरतो, आणि आपल्याला हवी असलेली अनिश्चितता तिथेच आहे. बाजारातली यंत्रेही तत्त्वतः याच वळणाची असतात. जिनिव्हाच्या आयडी क्वांटिक कंपनीची २०२० मध्ये सॅमसंगच्या एका फोनमध्ये बसवलेली चिप एका इवल्याशा एलईडीचा प्रकाश कॅमेऱ्यासारख्या सेन्सरवर पाडते आणि प्रत्येक पिक्सेलवर पडलेल्या प्रकाशाची थरथर वाचते. प्रयोगशाळांतली वेगवान यंत्रे लेसरचा झोत बीम स्प्लिटरवर दोन भागांत वाटून दोन डायोडांच्या प्रवाहांची वजाबाकी करतात, म्हणजे लेसरचा स्वतःचा चढउतार दोन्हीकडे सारखा असल्याने उडून जातो आणि निर्वाताची स्वतःची क्वांटम थरथर तेवढी उरते. आपल्याकडे बंगळुरूची क्यूनू लॅब्ज असे जनरेटर तयार करते.

कच्चे वाचन हाती आले म्हणजे अंक झाले असे नाही. कापूस जिनिंगला घातल्यावर शंभर किलोमागे पस्तीसच्या आसपास किलो रुई निघते आणि बाकीची सरकी बाजूला होते, तसेच इथे कच्च्या बिटांतून शुद्ध बिट वेचावे लागतात आणि वजन घटते ते घटतेच. सर्वांत जुनी आणि हाताने करून पाहता येणारी रीत जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ मध्ये दिली. बिटांच्या जोड्या पाडाव्यात. ०१ आली तर ०, १० आली तर १ आणि ०० किंवा ११ आली तर ती टाकून द्यावी. समजा ११, ०१, ००, १० अशा जोड्या आल्या, तर हाती ० आणि १ एवढेच उरतात: आठ बिटांत दोन. स्रोत ० कडे ५५ टक्के झुकलेला असला तरी ०१ आणि १० यांची शक्यता नेमकी सारखी असल्यामुळे उरलेला बिट समतोल होतो. पण ही रीत एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे एक बिट पुढच्या बिटाला ओळखत नाही. लागोपाठचे बिट एकमेकांना चिकटलेले असतील तर ती फसते आणि फसल्याचे वरून दिसतही नाही.

म्हणून आज व्यवसायात वेगळी पद्धत चालते. प्रथम कच्च्या बिटांत किमान किती एंट्रॉपी, म्हणजे खरी अनिश्चितता, आहे याचा अंदाज घेतात, आणि तोही सरासरीचा न घेता सर्वांत वाईट परिस्थितीचा. ज्याला ओळखायचे आहे त्याने सर्वांत संभाव्य उत्तर सांगितले तर तो किती वेळा बरोबर ठरेल, हा त्यातला प्रश्न. ५५ टक्के झुकलेल्या बिटात या मापाने ०.८६ बिट भरतात. आपल्या शॉट नॉइजच्या प्रयोगात मंडलाचा स्वतःचा वाटा या हिशेबातून वजा करावा, कारण तो नॉइज कोणीतरी बाहेरून जाणू किंवा हलवू शकतो असेच धरून चालायचे असते. मग उरलेल्या एंट्रॉपीहून थोडे कमीच बिट बाहेर पडतील अशा बेताने कच्चा माल टोप्लिट्झ मॅट्रिक्स या अंकांच्या ठरावीक चौकटीने गुणून किंवा एसएचए-२५६ सारख्या हॅशमधून, म्हणजे बिट घुसळून आखूड करणाऱ्या सूत्रातून, गाळतात. एक सावधगिरी इथेच सांगतो: हॅशमधून गाळलेला कोणताही कचरा चाचण्या सुखाने पास होतो. म्हणून चाचण्या नेहमी गाळण्याआधीच्या कच्च्या बिटांवर चालवाव्यात. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने २०१८ मध्ये एंट्रॉपीच्या स्रोतांसाठी जो दस्तऐवज काढला, त्याचाही भर कच्च्या नोंदींवर आणि स्रोताच्या वर्णनावर आहे. त्याच संस्थेचा पंधरा सांख्यिकी चाचण्यांचा जुना संच प्रकल्पात बहुतेक जण वापरतात. तो वापरावा, पण त्याचा उपयोग बिघाड पकडण्यापुरता मानावा. एक टक्क्याच्या पातळीवर शंभरातली एक चांगली माळही नापास होणार, हे विद्यार्थिनींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पास होणारी फाइल मिळेपर्यंत यंत्र पुन्हा पुन्हा चालवण्याचा मोह होतो.

आता आपल्या भागातल्या दोन अडचणी, ज्या परदेशी लेखांत सापडत नाहीत. पहिली ट्यूबलाइट. जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि पेटीच्या झाकणाच्या फटीतून आत आलेला तिचा प्रकाश डोळ्याला दिसला नाही तरी डायोडला दिसतो. बिटांत ० आणि १ यांचे प्रमाण ठीक राहते, त्यामुळे मोजणीत काही कळत नाही. कच्च्या वाचनाचे फूरिए रूपांतर, म्हणजे त्यातल्या वारंवारता सुट्या करणारे गणित, काढले की मात्र ५० आणि १०० हर्ट्झवर दोन सुया उभ्या दिसतात. माझ्या टेबलावर हे चित्र इतक्या वेळा पाहिले आहे की नवे मंडल जोडल्यावर पहिल्यांदा मी तिथेच नजर टाकतो. उपाय सोपा आहे: पेटी आतून काळी करावी, सांधे काळ्या टेपने बंद करावेत, अडॅप्टरऐवजी बॅटरी वापरावी आणि ॲम्प्लिफायरमध्ये एक किलोहर्ट्झच्या खालचे सर्व अडवावे.

दुसरी अडचण उन्हाळा. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि बंद प्रयोगशाळेतही सकाळ-दुपारच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक पडू शकतो. सिलिकॉनमधली अंधारातली गळती साधारण दर दहा अंशांना दुप्पट होते, म्हणजे दुपारी ती सकाळच्या जवळपास तिप्पट भरेल. अर्ध्या मिलिॲम्पिअर प्रकाशप्रवाहापुढे ही गळती नगण्य आहे, म्हणून आपला एलईडीचा प्रयोग त्यातून निभावतो, पण एकेक फोटॉन मोजणाऱ्या यंत्राचा तोल याच कारणाने दिवसभर सरकत राहतो. तरी अंधारातले वाचन सकाळी एकदा आणि भर दुपारी एकदा घ्यावे आणि दोन्हीच्या शेजारी तापमान लिहावे. बाहेरच्या कोणाला नुसत्या हीटरने यंत्राचा निकाल झुकवता येईल का, हा प्रश्न परीक्षक विचारोत न विचारोत, यंत्र करणाऱ्याने स्वतःला विचारायचा असतो.

इथवर जे सांगितले त्यात यंत्रावर आणि ते करणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो. पेटीच्या आत कोणी आधीच भरून ठेवलेली फाइल वाजवत असेल तर बाहेरून कळणार नाही. हा विश्वासही बराचसा अनावश्यक करणारा एक मार्ग बेलच्या प्रमेयातून निघतो. एकमेकांत गुंतलेल्या दोन कणांवर दूर अंतरावर मोजमापे घेतली, तर आधीच ठरलेल्या उत्तरांनी एक विशिष्ट बेरीज २ च्या पुढे जाऊ शकत नाही, आणि क्वांटम नियमांनी ती २.८२ पर्यंत जाते. बेरीज २ च्या पुढे गेली की उत्तरे आधीपासून कुठे लिहिलेली नव्हती असे मानावे लागते, मग यंत्र कोणी का बनवलेले असेना. २०१० मध्ये एका मीटरवर ठेवलेल्या यटर्बियमच्या दोन आयनांवर सुमारे महिनाभर हा प्रयोग करून शास्त्रज्ञांनी ४२ बिट मिळवले. महिनाभरात बेचाळीस. २०१८ मध्ये एनआयएसटीच्या गटाने फोटॉन वापरून, पूर्वीच्या पळवाटा बंद करून, १,०२४ प्रमाणित बिट काढले. या विषयाचा पाया घालणारे आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले. आपल्या प्रकल्पाच्या आवाक्यात हे नाही, पण अहवालात त्याचा एक परिच्छेद असावा, कारण आपल्या यंत्राला काय सिद्ध करता येत नाही हे त्यावरून नेमके कळते.

पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे की असे यंत्र गृहनिर्माण संस्थेच्या भूखंडांच्या सोडतीला वापरता येईल का, कारण मागच्या खेपेस संगणकाच्या सोडतीवरून सभासदांत कुरबुर झाली. वापरता येईल, पण कुरबुर त्याने थांबणार नाही. जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेच्या आरक्षणाच्या सोडतीत शाळकरी मूल सर्वांसमोर बरणीतून चिठ्ठी काढते आणि लोक ती मान्य करतात, ते चिठ्ठ्यांच्या भौतिकीमुळे नव्हे. प्रत्येकाला सगळे डोळ्यांनी दिसते म्हणून. पेटीतला फोटॉन कोणालाच दिसत नाही. अमेरिकेत २०१० च्या डिसेंबरमध्ये १.६५ कोटी डॉलरच्या एका लॉटरीचे अंक ज्या संगणकाने काढले, त्यातला प्रोग्राम लॉटरी चालवणाऱ्या संघटनेच्या सुरक्षा अधिकाऱ्यानेच असा बदलून ठेवला होता की वर्षातल्या ठरावीक तारखांना अंकांचा अंदाज त्याला आधीच करता यावा. तिथे खोट होती ती अंक निघण्यापासून जाहीर होईपर्यंतच्या वाटेत, आणि ती वाट क्वांटम यंत्रालाही असतेच. संस्थेला माझी सूचना अशी: सभासदांची क्रमांकवार यादी आणि अंकावरून भूखंड ठरवण्याचे सूत्र आठवडाभर आधी फलकावर लावावे आणि सोडतीसाठी कोणत्या तारखेचा, कोणत्या मिनिटाचा सार्वजनिक अंक घेणार हेही त्यातच लिहावे. एनआयएसटी २०१३ पासून दर मिनिटाला ५१२ बिटांचा असा अंक स्वाक्षरीसह जाहीर करते. तो आधी कोणाच्या हाती नसतो आणि नंतर कोणीही सभासद घरी बसून हिशेब पडताळू शकतो. आणि सभासद पन्नास-साठच असतील तर बरणी आणि चिठ्ठ्या वापराव्यात, हे मी उपकरणे विकणारा माणूस असूनही सांगतो.

अहवालात पुढील गोष्टी अवश्य असाव्यात: मंडलाची आकृती, प्रकाश आणि प्रचरण यांचा आलेख छेदाच्या किमतीसह, अंधारातली दोन वाचने तापमानासह, कच्च्या वाचनाचा वर्णपट आणि किमान एंट्रॉपीचा हिशेब. कच्ची फाइल न गाळता सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर सोबत जोडावी. एलईडी निवडताना मात्र लाल घ्यावा. सिलिकॉनचा डायोड निळ्यापेक्षा लाल प्रकाशाला चांगला प्रतिसाद देतो आणि अर्धा मिलिॲम्पिअर प्रवाह मिळवायला फारसे झगडावे लागत नाही.